सोनटक्क्याचं आलं

पनवेलला आले तेव्हा माझ्या तोंडात 'ळ' नव्हता. आमच्या खानदेशात केळ्याला केयं म्हणत, डोळ्याला डोया, आणि कुणाला पळ म्हणायचं तर पय म्हणत. त्यात काही चुकतं, हे मला पनवेलला येईपर्यंत माहीतच नव्हतं. शेजारच्या मुली मला मुद्दाम 'काळी गाय पळाली' असं म्हणायला लावायच्या आणि मी 'कायी गाय पयाली' म्हटलं की ओट्यावर लोळून हसायच्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण हसून झाल्यावर त्या आपापल्या घरी आयांकडे जात, आणि मी आत्याच्या घरी जाई, एवढाच काय तो फरक होता. मग मी विहिरीवर एकटी असले की रिकाम्या घागरीत तोंड घालून 'ळ, ळ, ळ' घोकायची. घागर तो मोठा करून परत द्यायची. दसऱ्याच्या सुमारास मला तो बऱ्यापैकी यायला लागला, आणि त्याचा मला इतका अभिमान वाटू लागला, की कुणी 'ल' म्हटलं तर तो 'ल'च असणार आणि 'ळ' म्हटलं तर 'ळ'च, अशी माझी पक्की समजूत झाली. ही समजूत मला केवढ्याला पडली असती ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहिते आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलतबहीण. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. मी पहिल्या दिवशी दारातच "फुई" अशी हाक मारली, तर तिनं माझ्या हातातलं बोचकं घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, "इथं आत्या म्हण हं वच्छे. फुई म्हटलेलं इथं कुणाला कळत नाही." ती स्वतः आमच्याच गावची, पण लग्न होऊन पनवेलला आली ती इथलीच झाली. तिच्या बोलण्यात गावाकडचा एक शब्द उरला नव्हता. मी मुद्दाम लक्ष ठेवून असायची, एखादा तरी निसटेल म्हणून. माझी आई गेली तेव्हा मी चौथीत होते. शाळा तिथेच सुटली, कारण बाळू, माझा धाकटा भाऊ, अंगावरून उतरायचाच नाही. पुढे नवी आई आली. तिनं मला कधी हात लावला नाही, वावगा शब्द बोलली नाही, हे मला आज मुद्दाम सांगितलं पाहिजे. पण बाबा जिनात कामाला, कापसाचे दिवस संपले की जिन बंद, आणि नव्या आईला स्वतःचं मूल झालं तशी घरात माझी जागा हळूहळू भरून गेली. आत्याला मूलबाळ नव्हतं. बाबांनी तिला निरोप धाडला, "पोरीला दिवाळीपर्यंत ठेवून बघ. नाही जमलं तर दगडूबरोबर परत धाड." दगडूकाका आमच्या गावचे, कल्याणला लाकडाच्या वखारीत कामाला. तेच मला घेऊन आले होते, आणि त्यांना रजा मिळायची ती दिवाळी आटपल्यावर. तेव्हा माझा सगळा न्याय दिवाळीपर्यंत व्हायचा होता, आणि हे मला कुणी लपवूनही ठेवलं नव्हतं.

परत गेले असते तर कुणी मारलं नसतं. पण 'ठेवून बघितली, नाही जमली' हे कपाळावर घेऊन गेले असते. त्या भीतीनं मी आत्याच्या घरी वावरत होते. सांगायच्या आधी काम करून ठेवायचं, आणि सांगितलं असेल त्याच्या दोन पावलं पुढे जाऊन करायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. भांडी घासायला सांगितली तर मोरीपण घासायची. तांदूळ निवडायला दिले तर निवडून, पाखडून, डबा पुसून भरून ठेवायची. आत्या कधी म्हणायची, "अगं, बस की जरा." मला ते 'बस' ऐकू आलं की जास्तच धास्ती वाटायची. बसलेली माणसं परत पाठवायला सोपी, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा, मागे पडवी आणि पडवीपलीकडे विहीर. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, भाताच्या गिरणीत होते. गिरणीचा भोंगा झाला की आमच्याकडे चूल पेटायची आणि दुसरा भोंगा झाला की ताट वाढायचं, म्हणून आमच्या घरात घड्याळाला कुणी किल्ली देत नसे. आतोबा घरी आले की त्यांच्या कपड्यांतून कोंड्याचा गोडसर वास यायचा. माणूस गमत्या, पण चेहरा सदैव गंभीर. जेवायला दोन्ही वेळेला भात. उकड्या तांदळाचा, जाड, लालसर, आणि त्याच्यावर नारळ घातलेलं काहीतरी. पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि पाट्यावरचा मिरचीचा ठेचा इतका आठवायचा, की पाटा नुसता धुताना तोंडाला पाणी सुटायचं. तोंडानं मात्र मी म्हणायची, "भात फार आवडतो मला." त्यामुळे आत्या आणखी वाढायची. पहाटे मशिदीतली बांग, मग बंदराकडे जाणाऱ्या बैलगाड्यांचा खडखडाट, मग विहिरीच्या रहाटाचा आवाज, असा तिथला दिवस सुरू व्हायचा. घरी पहाटे बाळू कुशीत शिरायचा. इथे मी उशी पोटाशी धरायची, आणि रहाटाचा आवाज आला की चटकन सोडून द्यायची. कुणी पाहू नये म्हणून.

मागच्या पडवीला लागून, मोरीचं पाणी जिथून वाहत जायचं तिथे, आत्याचा सोनटक्क्याचा वाफा होता. आमच्याकडच्या कोरड्या मुलखात मी हे झाड कधी पाहिलं नव्हतं. पुरुषभर उंच दांडे, लांबट हिरवी पानं, आणि शेंड्याला पांढरीशुभ्र फुलं, फुलपाखरानं पंख सोडून बसावं तशी. श्रावणापासून फुलायला लागायची ती पार कोजागिरीपर्यंत. वास असा, की मोरीपाशी भांडी घासताना मला आपण देवळात बसलोय असं वाटायचं. सकाळी गल्लीतल्या बायका फुलांना यायच्या. पडवीच्या पायरीवर टेकायच्या, आत्या एकेकीला ओच्यात फुलं द्यायची, आणि फुलांच्या निमित्तानं अर्धा पाऊण तास गप्पा चालायच्या. कुणाची सून बाळंत झाली, कुणाकडे बोंबील आला, कुणाचा मुलगा मुंबईहून आला नाही. दिवसभर फारसं न बोलणारी आत्या तेवढा वेळ नुसती खुलून जायची. फुलं सगळ्यांना, पण गड्डा मात्र तिनं कधी कुणाला दिला नाही. पुष्कळ जणींनी मागितला. आत्या म्हणायची, "उन्हाळ्यात देते," उन्हाळ्यात म्हणायची, "पावसात देते." पलीकडच्या जुलेखाखाला एकदा तोंडावर बोलल्या, "द्यायचा नसंल तं नाय म्हन गे. मोसमाचं नाव कशाला खराब करतंस?" आत्या हसली. तिनं गड्डा का दिला नाही ते मला तेव्हा कळण्यासारखं नव्हतं.

त्या वर्षी वाफा फार दाटला होता. गड्ड्यावर गड्डे चढून मधला भाग नुसता खोडक्यांचा झाला होता, आणि फुलं आली ती कडेकडेनं. कोजागिरी झाली, फुलं संपली, ऑक्टोबरचं ऊन टाळूवर यायला लागलं. आत्या दोनतीनदा वाफ्याशी उभी राहून स्वतःशीच म्हणाली, "थंडीच्या आधी सोडवायला हवा." मी ऐकलं, पण सोडवणं म्हणजे काय ते विचारलं नाही. विचारलं तर आपलं अज्ञान दिसतं, म्हणून मी काहीच विचारत नसे. एके दिवशी सकाळी आत्या उरणला एका नातेवाइकाकडे भेटीला गेली. ती गेली आणि थोड्याच वेळात मागच्या दारानं पारू आली. पारू ओवे गावची, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चालत पनवेलला यायची. उंच, काटक, आणि बोलताना समोरच्यावर ओरडल्यासारखी बोलायची.

"तुजी आत्या भेटली नाक्यावं," ती पाटी उतरवत म्हणाली. "गारीत बसता बसता बोलली, पोरीला सांग, सोनटक्क्याचा आलं खनून ठेव. चांगला खोल खन, बोलली. ती सांजच्याला येल."

"आलं?" मी विचारलं.

"आलं, आलं. नायतं काय भोपला खनशील?"

भेंडी मोजून देऊन पारू निघून गेली. मी वाफ्याकडे गेले. एक पान तोडून चुरगाळलं आणि नाकाला लावलं, तर आल्याचाच वास. खालची माती बोटानं उकरली, तर आल्यासारखीच बोटं, पांढरी पिवळसर, एकात एक गुंतलेली. मला केवढा आनंद झाला. म्हणजे हे आल्याचं झाड. वर फूल, खाली आलं. केवढं उपयोगी झाड आत्यानं लावलंय, आणि केवढं विश्वासाचं काम मला दिलंय.

मी कोयत्यानं दांडे कापले, पहार आणली, आणि दुपारपर्यंत अख्खा वाफा उपसला. हाताला फोड आले. एकही गड्डा आत राहू नये म्हणून मी माती हातानं चाळली. मग माझ्या सवयीप्रमाणे दोन पावलं पुढे गेले. नुसतं खणून काय ठेवायचं? गड्डे विहिरीवर नेऊन खळखळून धुतले, मोडून सुटे केले, आणि त्यांतली एक पाटीभर बोटं शिंपल्यानं खरवडून, गोणपाटावर उन्हात वाळत घातली. सुंठ करायला. आत्या आली की आयती सुंठ बघेल. दिवाळी तोंडावर आलीय, आणि अशा मुलीला कोण परत पाठवेल, हेही मनात आलं, ते का लपवू?

गिरणीचा भोंगा झाला, आतोबा आले. मी त्यांना आलं किसून घातलेला चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वच्छे, आज चहात अत्तर कुणी सांडलं?"

"नाही, आलं घातलंय. आपल्या घरचं."

"आपल्या घरचं," ते म्हणाले. आणि चहा संपवला. पुढे कित्येक वर्षं, घरी कुणी पाहुणा आला आणि फार वेळ बसला, की ते गंभीर चेहऱ्यानं मला विचारायचे, "घरचं आलं आहे का गं शिल्लक?"

माझी नात हे ऐकून म्हणते, "आजी, चव घेऊन बघायची ना." तिला कसं सांगू, की त्या घरात मी काही चाखून बघत नव्हते. वाढलेलं तेवढं खात होते.

उन्हं कलता कलता आत्या आली. पुढल्या दारानं आत येऊन पाय धुवायला ती थेट मागे मोरीवर गेली, आणि मी तिच्या मागे मागे, कौतुक व्हायची वाट बघत. ती पडवीच्या पायरीवर थांबली. समोर वाफा नव्हता. खड्डा होता, दांड्यांचा ढीग होता, आणि गोणपाटावर ओळीनं मांडलेली सोललेली बोटं होती.

"आय व माय," आत्या म्हणाली. "हाई काय करं व तू?"

कित्येक महिने मी ज्या भाषेची वाट बघत होते, ती अशी ऐकू आली. मलाही मग दुसरं काही सुचलं नाही. "फुई, तिनी सांगं, आलं खनी ठेव," मी म्हटलं.

आत्यानं डोळे मिटले. मग पुन्हा पनवेलच्या बोलीत, एकेक अक्षर सुटं करून ती म्हणाली, "आळं. वच्छे, आळं. त्या बाजूला नवीन आळं खणून ठेवायला सांगितलं होतं. कडेचे थोडे गड्डे तिथं लावायचे होते." मग ती खाली बसली आणि सोललेली बोटं एकेक करून उलटी सुलटी बघत राहिली. ओव्याकडच्या बायका 'ळ'चा 'ल' करतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी 'ळ'चा 'य' करणारी, पारू 'ळ'चा 'ल' करणारी, आणि मधल्या मधे झाडाला पाणी द्यायच्या खळग्याचं आलं झालं.

आत्या ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं गोणपाट भिजवून आणलं, न सोललेले गड्डे त्याखाली झाकले, आणि स्वयंपाकाला लागली. जेवताना एवढंच म्हणाली, "दगडू भाऊबीज झाली की येणार ना?" तिनं ते आतोबांना विचारलं होतं. आतोबा "हं" म्हणाले. माझ्या पानातला भात मला गिळवेना, आणि टाकायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी पारू आली ती वाफा बघून पाटी उतरवायचीच विसरली. तशीच डोक्यावर पाटी घेऊन उभी.

"अगो, ह्या काय? डुक्कर घुसला का?"

"डुक्कर नाही, तुझा निरोप घुसला," आत्या म्हणाली. "तू हिला काय सांगितलंस?"

"आलं खन, सांगितला. तुमीच बोललाव."

"हिनं आलं खणलं."

"आलं?" पारूनं माझ्याकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं, आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "अगो बयो. मी आलं कदी बोलली? मी आलं बोलली. आलं येगला आनि आलं येगला."

"दोन्ही एकच ऐकू येतात, पारू."

"तुमाला येत असतील. मना नाय येत." तिनं पाटी खाली ठेवली, पदर खोचला. "आमची बोली शुद्दच हाय. कान कोनाचं कसं त्या देवाला ठावं. चला, आता रडून काय उगवनार नाय. गोनपाट काडा."

मग आम्ही तिघी बसलो. गड्डे सोडवणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी शिकले. प्रत्येक तुकडा हातात घेऊन बघायचा, त्याला डोळा आहे का. डोळा म्हणजे कोंबाची गुलाबी टोकदार गाठ. डोळा असेल तो जगतो, नसेल तो नुसता कुजतो. जुना, पोकळ झालेला भाग मोडून टाकायचा, नव्याला दोनतीन डोळे आणि थोडी मुळं राहतील असं वेगळं करायचं, जखमेला राख लावायची. पारू हातात तुकडा धरून ओरडायची, "डोला हाय." मी मनातल्या मनात डोया म्हणायची आणि तोंडानं डोळा. मी सोललेल्या बोटांना अर्थातच एकही डोळा उरला नव्हता. मी ते शिंपल्यानं नीट, कौतुकानं काढले होते. ती बोटं आत्यानं दांड्यांच्या ढिगावर टाकली. तरीही जगण्यासारखे तुकडे इतके निघाले, की बघून आत्याच चकित झाली. इतकी वर्षं ते सगळे एकमेकांना दाबून आत पडलेले होते. माती उकरून, शेणखत मिसळून, हातभर अंतर सोडून लावायला घेतलं तर वाफा भरला, आम्ही त्या बाजूला खणलेलं नवं आळं भरलं, आणि अर्ध्याहून जास्त गड्डे पाटीत उरले.

"आता ह्या काय करायचा?" पारूनं विचारलं. "फेकायचा?"

आत्यानं उठून हात धुतले. "वच्छे, पाटी उचल. चल माझ्याबरोबर."

आम्ही दारोदार गेलो. आत्या प्रत्येक घरी मूठभर गड्डे काढून द्यायची, कसे लावायचे ते सांगायची. बायकांना खरंच वाटेना. "काय हो, आज सूर्य कुठं उगवला?" असं एकीनं विचारलं. दुसरी मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाली, "हीच का ती तुमची पाहुणी? दिवाळीनंतर जाणार म्हणत होतात ना?" आत्या म्हणाली, "खोल नका लावू हं, वरच्यावर लावा." मी पाटी धरून उभी. प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर आलं नव्हतं, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

शेवटी जुलेखाखालांचं घर. त्यांनी गड्डे घेतले, हुंगले, माझ्याकडे बघून हसल्या. सगळी हकिगत त्यांच्यापर्यंत आमच्या आधीच पोचली होती, पारूच्या आवाजात. मग त्या आत्याला म्हणाल्या, "दिलंस ते अल्लाची मेहेरबानी. पन येक सांगू का गे? आता समद्यांच्या मोरीवर सोनटक्का होनार. तुज्याकडं सकाळची फुलाला कोन येनार?"

तेव्हा मला कळलं. गड्डा दिला असता तर फुलं मागायला कुणी आलं नसतं, आणि फुलं मागायला कुणी आलं नसतं तर त्या घरात सकाळ कशी गेली असती. आत्यानं पाटीच्या तळाशी राहिलेली माती झटकली.

"नाही आल्या तर नाही," ती म्हणाली. "घरात आता बोलायला माणूस आहे. आणि हिनं खणलंय, तेव्हा पुढल्या श्रावणात फुलेपर्यंत हिलाच बघायचंय सगळं."

एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. परत येताना मी रिकामी पाटी छातीशी धरून चालत होते. मला वाटलं होतं, असं काही ऐकू आलं तर मी आनंदानं वेडी होईन. तसं झालं नाही. दिवाळीपर्यंत मी परत पाठवलं जाण्याला घाबरत होते, पण परत जायचा रस्ता तर उघडा होता. रोज पहाटे उशी पोटाशी धरून मी त्याच रस्त्यानं जात येत होते. आता राहायचं ठरलं म्हणजे जायचं संपलं.

पुढल्या श्रावणात गल्लीत दारोदार सोनटक्का फुलला. खाला म्हणाल्या होत्या तसंच झालं. पहिले काही दिवस आत्या सवयीनं पडवीच्या पायरीवर फुलांची परडी घेऊन बसायची. मी तिच्याशेजारी जाऊन बसे. मला गल्लीतल्या बातम्या माहीत नसत, आणि आमच्या गावच्या बातम्या तिनं कधी विचारल्या नाहीत. आम्ही दोघी मोरीचं पाणी वाहताना बघत बसायचो. पण ते नंतरचं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दगडूकाका आले. नवीन टोपी, खांद्यावर बोचकं. मी चहा केला, आतोबांनी चेहरा गंभीर ठेवून कपाचा वास घेतला. काकांनी आत्याला विचारलं, "मंग काय आक्का? न्यायची का पोरीला?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. खालांना सांगितलं तेच आत्या आता सांगेल, असं मी धरून चालले होते. तिनं तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "तिलाच विचार." मला तिचा राग आला. असं कसं? मोठ्यांनी ठरवायचं असतं. आज वाटतं, तिला पनवेलला धाडताना हा प्रश्न कुणी विचारला नसेल, म्हणून तिनं तो माझ्यासाठी राखून ठेवला.

दगडूकाका माझ्याकडे वळले आणि आमच्या बोलीत, बाळूशी बोलतात तसं, म्हणाले, "काय व माय, येस का घर? बायू रोज इचारस, ताई कवय ई म्हनीसन."

ताई कधी येईल, असं बाळू रोज विचारत होता. बाहेर वाफ्यात मातीखाली काय चाललं होतं ते दिसत नव्हतं. एकही कोंब वर आला नव्हता.

"नाही येत," मी म्हटलं. "गड्डे नुकते लावलेत. अजून मूळ धरायचंय त्यांना. पाणी घालावं लागतं."

काका हसले. "बरं. झाडंस्ले पानी घाल." त्यांनी चहा संपवला, आत्यानं त्यांच्या बोचक्यात बाळूसाठी करंज्या बांधून दिल्या, आणि ते गाडी धरायला निघाले. ते वळणापाशी दिसेनासे झाले आणि मला आठवलं, की बाळूला निरोप सांगायचा राहिला. मी तशीच अनवाणी नाक्यापर्यंत पळाले. गाडी निघून गेली होती. धूळ तेवढी खाली बसत होती.

परत आले तर आत्या पडवीत उभी. "काय राहिलं सांगायचं?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि घागर घेऊन विहिरीकडे गेले.

बाळूला सांगा, मला इथं करमतं, एवढंच सांगायचं होतं. ते खरं नव्हतं, पण त्याला बरं वाटलं असतं. पुढे ते खरं झालं. पण तोवर बाळूनं विचारायचं सोडून दिलं होतं.